जमादार, आबा आणि थंडी वाजणारी गाडी

एडक्याला मोटारीत घालून प्रवास केलेल्या कोणी आपला अनुभव लिहून ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. अर्थात माझं वाचनही फार नाही. आमच्या घरात पहिलं पुस्तक आलं ते माझ्या पहिलीचं, आणि पहिली पदवी आली तीही माझीच. पण आमच्या भागातली माणसं तिरुपतीला जाऊन आली की महिनाभर पारावर बसून सांगत असतात. मग आम्ही हट्ट्याकडून निघून कनेरगाव नाक्याच्या पलीकडे जाऊन आलो, ते मी का सांगू नये? अंतर एका दिवसात सहज कापण्यासारखं. आम्हाला दोन दिवस लागले, आणि ते दोन्ही दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात.

हिंगोली हा परभणीतून वेगळा निघून नवा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. मी बी.एस्सी. करून नुकतीच गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. हट्ट्याच्या पुढे आमचं खेडं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि मेंढरांच्या जोडीला थोडी शेती. आबा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी हिवाळ्यात जनावरांच्या प्रदर्शनाला जात. वाशीम रस्त्याला, कनेरगावच्या पुढे एका मोठ्या माळावर ते भरतं. आबा बघे म्हणून जात आणि गप्प होऊन परत येत. एकदा मायने खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिथं कोणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं होतं, "मेंढरं बघावी ती सोलापूरकडची. तुमच्या हिंगोलीकडं काय, निस्ती हाडं आन् केसं."

ते बोलणं झालं त्याच वर्षी आमच्या मेंढरांच्या वाड्यात एक काळं कोकरू जन्मलं. आबांनी त्याला वेगळं काढलं. आईचं दूध कमी पडलं तेव्हा दुसऱ्या मेंढीला लावलं, उन्हाळ्यात त्याच्यासाठी शेवरीचा पाला तोडून आणला, आणि अंगावरची लोकर इतकी निगुतीने राखली की माय म्हणायची, "लेकरांच्या डोक्याला कधी तेल लावलं न्हाई एवढं!" चालण्यात रुबाब होता म्हणून त्याचं नाव पडलं जमादार. मेंढराचं वय दातांवरून ठरतं. आम्ही निघालो त्या हिवाळ्यात जमादार चार दाती होता. ज्या गटात त्याला उभं करायचं होतं, त्यात सहा दाती जनावर चालत नाही. म्हणजे उभं राहायचं तर याच वर्षी.

"तू चल," आबा मला म्हणाले. "तिथं सायेब लोक असत्यात. तुझ्याशी बराबर बोलतील."

हट्टा ते नरसी

माझा धाकटा भाऊ माधव भाड्याने गाडी चालवायचा. जुनी, पांढरी, पाठीला फुगीर, पूर्वी सरकारी साहेबांच्या दारात उभी असायची तसली मोटार. मूळची पेट्रोलवरची, पण आधीच्या मालकाने परवडत नाही म्हणून तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं होतं. त्या काळी असं सर्रास चाले. माधवने मागचं बाक काढून तिथं कडबा पसरला आणि जमादाराला आत घेतलं. जमादार लगेच खिडकीतून मान बाहेर काढून उभा राहिला.

आख्खं गाव बघायला आलं. "जमादार निघाले ड्युटीवर!" कोणीतरी ओरडलं. "आबा, शिंगाला पिवळा दिवा लावा की!" दुसरा म्हणाला. आबा पुढे बसले होते, फेटा नवा होता. ते कोणाकडे बघेनात, पण हसू मिशीत मावत नव्हतं.

औंढ्याला चहाला थांबलो. देवळाकडे जाणाऱ्या बायांचा घोळका गाडीपाशी आला, आणि जमादाराने एकीच्या ताटातला झेंडूचा हार ओढून अर्धा खाल्ला. मी माफी मागू लागले. ती बाई हात जोडून म्हणाली, "असू द्या बाई, देवालाच पोचला म्हणायचं." तिने उरलेला अर्धा हारही त्याला दिला. आबांचं म्हणणं, हा शकुन. माधवचं म्हणणं, हार खाल्ल्यावर गाडीत काय होतं ते तुम्हाला मागं बसल्याशिवाय कळायचं न्हाई. मागे मी बसले होते. माधवचं म्हणणं खरं निघालं.

हिंगोलीतून सरळ वाशीमचा रस्ता धरता आला असता. पण नरसीला माझी आत्या दिली आहे, आणि नामदेवांच्या पायाशी गेल्याशिवाय आबा कुठलं काम सुरू करत नाहीत. म्हणून मुक्काम नरसीत. कयाधू नदीच्या काठी हे गाव. देवळाच्या वाटेवर चुरमुरे-बत्तासे आणि तुळशीच्या माळांची दुकानं आहेत. नदीवरून येणारा वारा संध्याकाळी इतका बोचरा की आम्ही दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा चपला शोधताना पायांना बोटं आहेत की नाहीत ते कळेना.

आत्याने चुलीपुढेच पाट मांडले. ज्वारीची गरम भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, तव्यावर खरडलेला मिरचीचा ठेचा आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे पाण्यासोबत गुळाचा खडा आला. आणखी एक फरक दिसला. आमच्याकडे घुंगरू एडक्याच्या गळ्यात असतं, आत्याकडे ते सगळ्यांत म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात. मी कारण विचारलं तर आत्या म्हणाली, "एडका काय, मिरवायला. वाट म्हातारीलाच ठावं ऱ्हाती." आबा म्हणाले, "तुझं आपलं कायमचं हेच, बाईचं." आत्या म्हणाली, "मग तू काहून लेकीला सोबत घेऊन आलास, दादा?" आबांनी शेंगा सोलायला घेतल्या.

दिवस मावळताना मी ओसरीवरून पाहिलं होतं, आबा गाडीच्या पुढच्या बाजूला वाकून काहीतरी करत होते. देवळातून आणलेला हार जाळीला बांधत असतील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हार होताच तिथं.

सकाळ

सकाळी अंगणातल्या घागरीला हात लागत नव्हता. नदीवर धुकं आणि धुक्यातून फक्त कुत्र्यांचं भुंकणं. माधवने चावी अर्धी फिरवून इंजिनाचा हीटर लावला. डिझेलच्या गाडीला थंडीत असं आधी ऊन व्हावं लागतं. मग चावी पूर्ण फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. आबांनी जाळीला हात लावून नमस्कार केला.

गावातून हळूहळू बाहेर पडलो. डांबरी रस्ता लागला, माधवने वेग दिला, आणि जरा पुढे जाताच गाडी गुदमरल्यासारखी झाली. हिसके दिले आणि बंद पडली. बाजूच्या शेतात तूर उभी, तिच्यावर दहिवर. माधवने थोडं थांबून चावी फिरवली. गाडी चालू. निघालो. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा बंद.

"थंडी वाजली तिला," आबा म्हणाले.

कापसाने भरलेला ट्रॅक्टर मागून येऊन थांबला. ट्रॅक्टरवाला मफलरात गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. "काय झालं पाव्हणं?"

"चालती अन् बंद पडती," माधव म्हणाला.

"मंग तेल गोठलं. पिपातलं जुनं डिझेल व्हतं का?"

माधव ओशाळला. आमच्या विहिरीवरच्या इंजिनासाठी पिपात साठवलेलं डिझेल त्याने टाकीत ओतलं होतं. उन्हाळ्यातलं डिझेल कडक थंडीत दाट होतं, त्यात मेणासारखं काहीतरी धरतं आणि ते फिल्टरमध्ये अडकतं, हे मीही ऐकून होते. पुढच्याच वळणावर चहाची टपरी होती. तिथून गरम पाण्याची किटली आणली, फिल्टरवर फडकं गुंडाळलं आणि त्यावर पाणी ओतलं. वाफा निघाल्या. गाडी पहिल्या चावीला चालू झाली.

"बघा!" ट्रॅक्टरवाला म्हणाला. "म्या म्हनलं न्हवतं?"

आम्ही फिल्टरशी झटत होतो तेवढा वेळ आबा गाडीच्या पुढे, वाऱ्याकडे पाठ करून उभे होते. घोंगडीच्या आत हात घालून ते काहीतरी चाचपत होते. तंबाखू काढत असतील, असं मी समजले.

गाडी पुन्हा बंद पडली ती आधीपेक्षा लवकर.

हिंगोली

अशी थांबत-चालत, शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी रांगत गाडी हिंगोलीत शिरली. आणि गंमत बघा, बाजारातून, सायकलरिक्षा आणि हातगाड्यांच्या गर्दीतून ती अगदी शहाण्यासारखी चालली. एकदाही बंद पडली नाही. हे तेव्हा मला जाणवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

माधवच्या ओळखीचे एक चाचा रस्त्याच्या कडेला डिझेल इंजिनं दुरुस्त करत. त्यांनी आधी गाडीत डोकावून जमादाराला पाहिलं. "वाह! मालिक को पीछे बिठाए, अच्छा किए." मग इंजिनाशी वाकले. "ठंडी में रबड़ का पाइप अकड़ जाता, बेटा. जोड़ में से हवा अंदर घुसती. इंजन हवा पकड़ लेता, फिर तेल नहीं खींचता."

हे आम्हाला ठाऊक होतं. शेतावरचं इंजिन असलेल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही घरातल्या लेकराला 'इंजिनाने हवा धरली' म्हणजे काय ते कळतं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, डिझेलबरोबर बुडबुडे येतात, ते यायचे थांबले की स्क्रू आवळायचा. चाचा पंप मारत राहिले. डिझेल सरळ, स्वच्छ येत होतं.

"बुलबुला तो एक नहीं आ रा," ते स्वतःशीच म्हणाले. तरी त्यांनी जोडावरचे क्लिप आवळले, फिल्टरखालच्या बाटलीत साठलेलं थोडं पाणी सोडून दिलं आणि गाडी चालू करून दिली. गाडी जागेवर झकास चालत होती. "जाओ. दिल तो नहीं भरा मेरा, मगर जाओ. तकलीफ हुई तो वापस आना."

माझं बी.एस्सी. झालेलं डोकं तोवर नुसतं घड्याळाकडे बघत होतं. नोंद बारा वाजता बंद होणार होती.

कनेरगावच्या अलीकडे

हिंगोली मागे पडली, रस्ता मोकळा झाला. ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्हीकडे ज्वारी पोटरीतून बाहेर पडलेली, मध्येच करडईचे काटेरी हिरवे पट्टे. प्रवासाला यापेक्षा चांगली सकाळ मिळायची नाही. माधवने वेग दिला. गाडीने हिसका दिला, मागे काळ्या धुराचा लोट सोडला आणि बंद पडली.

आम्ही तिघंही खाली उतरलो. एक काळी-पिवळी जीप माणसांनी लगडलेली आली, वेग कमी झाला, आणि ड्रायव्हर ओरडला, "ओ मामा, एडक्याला जुपा की फुडं!" जीपमधली सगळी माणसं हसली. टपावरची तर वाकून वाकून हसली.

आबांनी दार उघडलं आणि जमादाराची दोरी सोडली.

"आबा, काय करून राहिलाव?" माधव म्हणाला.

"पायी नेतो त्याला."

"कुठवर? कनेरगावच्या फुडं जायचंय. पोचेस्तोवर दिवस मावळंल."

"मावळू दे." आबांचा आवाज बदलला होता. "लोकायनी हसायचंच आसंल तर चालताना हसू दे. हितं रस्त्यात उभं ऱ्हाऊन न्हाई."

त्यांनी दोरी हाताला गुंडाळली. या माणसाने माझ्या परीक्षेच्या वेळी मेंढरांची बसवण, म्हणजे रात्रीचा तळ, दुसऱ्याच्या रानात हलवली होती, कोकरांच्या ओरडण्याने माझा अभ्यास मोडू नये म्हणून. तीन हिवाळे त्याने याच एका सकाळची वाट पाहिली होती. मी म्हणाले, "आबा, थोडं थांबा. मला एकदा बघू द्या."

"तुला गाडीतलं काय कळतंय, ताई?" माधव वैतागून म्हणाला.

"गाडीतलं नाही कळत. पण धूर कळतो."

मी तसं म्हणाले खरं, पण तोवर मलाही काही कळलं नव्हतं. बोलता बोलता सुचत गेलं. मी माधवला एकेक विचारू लागले. तेल गोठलं असतं तर आता या उन्हात कसं गोठेल? इंजिनाने हवा धरली असती तर चाचांकडे बुडबुडे आले असते. ते आले नाहीत. गरम पाण्याने गाडी चालू झाली, पंप मारल्याने झाली, आणि काहीच न करता नुसतं थांबल्यानेही झाली होती, अगदी पहिल्या वेळी. म्हणजे उपाय पाण्याचाही नव्हता, पंपाचाही नव्हता. उपाय थांबण्याचा होता. आणि बाजारात हळू चालताना तिला काहीच होत नव्हतं.

"मग?" माधव.

"घरात लाइट गेल्यावर कंदिलाची वात जास्त वर केली की काय होतं?"

"काच काळी व्हती."

"का होते?"

यावर उत्तर आबांनी दिलं, दोरी हातात धरून. "तेल जास्त, वारा कमी. खालची भोकं बुजली तरीबी तसंच व्हतं. धूर मारतो आन् इझतो."

"आपली गाडी विझतेय, आबा," मी म्हणाले. "तिला श्वास पुरत नाही. हळू चालताना थोडा लागतो तेवढा मिळतो. वेग दिला की कमी पडतो. माधव, ही हवा कुठून घेते?"

माधवने बॉनेट उघडलं. इंजिन नंतर बसवलेलं, त्यामुळे सगळी जोडाजोड. हवेच्या डब्याला एक जाड रबरी नळी जोडलेली, ती रेडिएटरच्या बाजूने पुढे जाळीकडे गेलेली. तो आता माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होता. त्याने पाना घेतला आणि नळी डब्यापासून सोडवली. "आता चालू करतो. डब्यातूनच हवा घेऊ दे सरळ."

गाडी चालू झाली. त्याने जागेवरच पाय पूर्ण दाबला. इंजिन असं गरजलं की ज्वारीतले पाखरांचे थवे उठले. धूर नाही, हिसका नाही. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा, गाणं म्हणावं तसा. मग नळी परत बसवून दाबला, आणि गाडी धूर ओकत बंद पडली.

आम्ही दोघं एकदमच जाळीकडे धावलो. हार बाजूला केला. नळीचं तोंड जाळीच्या मागेच डाव्या अंगाला होतं. मी दोन बोटं आत घातली. हाताला काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर येतच राहिलं. काळ्याभोर लोकरीचा एक बोळा, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. इंजिन जोरात चाललं की लोकर नळीच्या तोंडावर ओढली जायची, बंद पडलं की सैल होऊन गळून पडायची. म्हणून तर प्रत्येकाचा उपाय मैलभर लागू पडत होता.

मी आणि माधवने एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी आबांकडे.

"माझीच हाय ती," आबा म्हणाले.

कोणी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. आमच्या वाड्याच्या कुडाला जिकडून वारा येतो तिकडच्या भोकांत टाकाऊ लोकर कोंबतात, नवीन कोकरांना गारठा लागू नये म्हणून. नरसीच्या वाऱ्यात गाडी तोंड उघडं टाकून उभी होती. आबांना ते बघवलं नाही.

"आन् जमादाराचीच लोकर व्हती, इंचरताना निघालेली, चांगली ऊबदार," ते म्हणाले. "सकाळी ती बंद पडली तवा मला वाटलं, पुरंना झाली वाटतं. म्हून त्या टॅक्टरवाल्यापाशी आजून एक बोळा लावला."

"आजून एक!" माधव कपाळाला हात लावून मटकन रस्त्यावर बसला. "आबा, आमी हिकडं पानी तापवून राहिलो, आन् तुमी तिचं नाक दाबून राहिलाव!"

"माया केली तर चुकलं व्हय रं?"

आणि मग आबाच आधी हसले. असे हसले की फेटा सुटला. माधव बसल्या जागी हसत होता, मी गाडीला धरून उभी होते. जमादार दोरीला ताण देऊन ज्वारीचं एक कणीस गाठायच्या प्रयत्नात होता.

नाका आणि माळ

कनेरगाव नाक्यावर जाताना थांबलो नाही. येताना तिथं जेवलो, ते इथेच सांगून टाकते. ढाब्यावर डाळ आणि लसणाचा ठेचा, भाकरी माणसाच्या तोंडाएवढी. तिथली बोली आमच्याहून निराळी, वऱ्हाडाचं वारं लागलेली. ढाबेवाला म्हणाला, "काऊन बाप्पा, जमादार भायेरच ठेवले?" आमच्याकडे 'बाप्पा' फक्त गणपतीला म्हणतात. आबांना ते इतकं आवडलं की घरी पोचेपर्यंत ते माधवला बाप्पा म्हणत होते.

तर जाताना. माधवने गाडी अशी हाणली की पैनगंगेचा पूल कधी आला आणि गेला ते समजलं नाही. माळावर पोचलो तेव्हा नोंदणीच्या मंडपातले गृहस्थ खुर्च्या उचलत होते.

"झालं हो, बंद झालं," एक जण म्हणाला.

आबा माझ्याकडे बघत बाजूला झाले. मी पुढे झाले. मी काही फार बोलले नाही. फलकावर बारा लिहिलं आहे आणि मंडपातल्या घड्याळात अजून बारा वाजलेले नाहीत, एवढंच दाखवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेल्या जमादाराच्या मुंडक्याकडे. "हा मोटारीतनं आला?" "हो." "मग घ्या बाबा आत. एवढा मोठा माणूस आहे." जनावरांच्या डॉक्टरांनी दात बघितले. चार. त्या दिवशीची ती शेवटची नोंद.

रिंगणात ओळीने एडके उभे होते. सोलापूरकडचे, नगरकडचे, अंगाने भरलेले. ओळीच्या शेवटी आबा, गुडघ्याशी जमादार. परीक्षक प्रत्येकाच्या पाठीवरची लोकर दोन्ही हातांनी दुभंगून कातडीपर्यंत बघत होते. जमादारापाशी ते थांबले. पुन्हा दुभंगून पाहिलं. दुसऱ्या परीक्षकाला बोलावलं. आबा समोर बघत होते.

थोड्या वेळात भोंग्यावरून निकाल आला. पहिला सोलापूरकडचा. "दुसरा क्रमांक, जमादार, मुक्काम हट्ट्याजवळ, जिल्हा परभणी..."

"हिंगोली!" आबा रिंगणातून ओरडले. "जिल्हा हिंगोली!"

माणसं हसली, टाळ्या पडल्या, आणि भोंग्यावरच्या माणसाने चूक सुधारून नाव पुन्हा घेतलं. त्यामुळे ते दोनदा झालं, हे माधवने मला नंतर चार वेळा सांगितलं.

आबांना फेटा बांधला, नारळ दिला. भोवती जमलेल्या माणसांना ते जमादाराबद्दल सांगतच नव्हते. गाडीबद्दल सांगत होते. "म्याच कोंबली व्हती लोकर. आन् हिनं, माझ्या लेकीनं, निस्त्या धुरावरनं काढलं बघा. हात न लावता!" प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट. दोन बोटं घालून ओढली होती हे मी दुरुस्त करायला गेले, पण त्या गर्दीत कोण ऐकतो. मी शिकत असताना वर्गात कंदिलाच्या काचेवर ताटली ठेवून ज्योत विझवून दाखवणाऱ्या सरांना त्या वेळी बोलावून आणता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

गर्दी पांगली तेव्हा पहिल्या नंबराचा मालक आमच्याकडे आला. तांबडा फेटा, धिप्पाड गडी. काही न बोलता त्याने जमादाराच्या लोकरीत हात घातला, बोटं मिटून उघडली, पुन्हा घातला.

"पाव्हणं," तो म्हणाला, "अंगानं माझा भारी हाय. पर अशी लोकर माझ्याकडं न्हाय. ह्याची पिल्लं हायती का?"

आबांनी जमादाराच्या पाठीवरची दुभंगलेली लोकर आधी हाताने नीट बसवली.

"हायेत की."

"देताल का एक? मी येतो न्यायला. कुठं यायचं?"

आबांनी रस्ता सांगायला सुरुवात केली. आधी हिंगोली. तिथून औंढा. औंढ्याहून हट्टा, आणि हट्ट्याच्या पुढे आमचं गाव. सोलापूरच्या त्या माणसाने ती नावं एकेक करून पाठ म्हणून दाखवली. त्याने औंढ्याच्या आधी हट्टा म्हटलं. आबांनी मान हलवली, आणि पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावली.